चाळ सोडताना मांजरांचे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. सभेत बोलण्याची सवय नाही. पण गेले वर्षभर आम्ही चौघीजणी मांजरांचे जे काम करीत आहोत त्याबद्दल चार शब्द सांगा, असा कार्यकारिणीचा आग्रह पडला, म्हणून धीर करून उभी आहे. विषय मांजराचा म्हणून कोणी हसू नये. आपल्या परळ-लालबागच्या चाळीचाळींतून हा प्रश्न आज दारात येऊन बसला आहे.

चाळी पाडून टॉवर उभे राहात आहेत. माणसांना संक्रमण शिबिरात खोली मिळते, नाही तर घरभाडे मिळते. मांजरांचे नाव मात्र कोणत्याच यादीत नसते. शेजारची चाळ गेल्या वर्षी रिकामी झाली. बिऱ्हाडे ट्रंका-भांडी घेऊन गेली आणि जिन्याखाली नऊ मांजरे व सात पिले राहिली.

मागे ठेवून जाणारी माणसे काही दुष्ट नव्हती. मांजर मारले तर काशीला जावे लागते, असे मानणारी आपल्यासारखीच माणसे. मारणारे कोणी नाही. पण पिशवीत घालून मासळीबाजारात सोडून येणारे पुष्कळ. वर म्हणतात, “तिथे बिचाऱ्याचे पोट भरेल.” भगिनींनो, तसे होत नाही. मांजर हे आपली हद्द धरून राहणारे जनावर. बाजारात आधीचे बोके ठाण मांडून बसलेले असतात. नवे मांजर टोपल्यांमागे दडते, मार खाते आणि घराच्या ओढीने गाड्यांच्या रस्त्यावर येते. लहान पिलांना तर आईवाचून पोट भरताच येत नाही. आणि पाळलेले जनावर उपाशी पडेल असे टाकून देणे हा 1960 सालच्या कायद्याने गुन्हाही आहे. आपण मारले नाही, एवढ्याने आपले हात स्वच्छ राहात नाहीत.

आम्ही पहिल्याने शस्त्रक्रियेचे काम हाती घेतले. मांजरीचे दिवस सुमारे दोन महिने. पिले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि तिची पोर पाच-सहा महिन्यांची झाली की तीही गाभण राहू शकते. घरे शोधून शोधून आपण किती शोधणार? म्हणून आधी शस्त्रक्रिया, मग घर, हा आमचा नियम. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे, 1883 साली स्थापन झालेले. आपल्या भागातले एवढे जुने रुग्णालय एका बाईच्या नावाने चालते, याचा आपणां बायकांना अभिमान वाटला पाहिजे.

पिले आठ आठवड्यांची होईपर्यंत आईपासून तोडू नयेत. आई नसलीच, तर गाईचे दूध पाजू नये. त्याने हगवण लागते आणि पिलू दोन दिवसांत जाते. जनावरांच्या डॉक्टरांकडून पिलांचे दूध आणावे व पिलाला उबेत ठेवावे. आमची दोन पिले एवढे करूनही वाचली नाहीत.

त्या चाळीतल्या एका आजींची गोष्ट सांगते. त्या शिबिरात राहायला गेल्या, पण रोज दोन बस बदलून येत आणि आपल्या मांजरीला मासा घालून जात. बरोबर का नेली नाही, असे विचारले तेव्हा डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “सूनबाईला दिवस गेलेत. मुलगा म्हणतो, मांजर घरात नको.” मुलाची भीती अगदीच खोटी नव्हती. मांजराच्या विष्ठेतून एक रोग पोटातल्या बाळाला बाधू शकतो. आम्ही सूनबाईंना त्यांच्या डॉक्टरीणबाईंना विचारायला सांगितले. त्यांनी सांगितले की, विष्ठा पडल्यापासून निदान एक दिवस गेल्याशिवाय ती बाधत नाही. तेव्हा घाण रोजच्या रोज काढावी, गरोदर बाईने ती काढू नये, हात साबणाने धुवावेत, भाजी नीट धुवावी आणि मटण कच्चे राहू देऊ नये. घाण काढायचे आजींनी पत्करले. मांजर घरी गेली. आता नात पाळण्यात आणि मांजर पाळण्याखाली असते.

जागा बदलली की मांजर पळते, हे खरे. त्यालाही उपाय आहे. नव्या घरी दोन-तीन आठवडे एकाच खोलीत कोंडून ठेवावे. जवळ त्याचे जुने गोणपाट असू द्यावे, म्हणजे ओळखीचा वास राहतो. टॉवरमध्ये जाणाऱ्यांनी खिडक्यांना जाळी आधी लावावी, मांजर मागून आणावे. विसाव्या मजल्यावरून कबुतरामागे उडी गेली तर काय उपयोग?

घर देताना आम्ही संकोच न करता प्रश्न विचारतो. गणपतीला, शिमग्याला गावी गेलात तर याला कोण बघणार? घरातल्या साऱ्यांना हवे आहे ना? शाकाहारी घर असेल तर मांजराचे विकतचे खाद्य आणाल का? कारण नुसत्या दूधभातावर मांजराची दृष्टीसुद्धा जाऊ शकते. कांदा-लसूण घातलेले कालवण त्याला विषासारखे. ओरबाडले वा चावले तर जखम पंधरा मिनिटे साबणाच्या पाण्याने धुवून त्याच दिवशी इस्पितळात जावे. आणि मांजराला रेबीजची लस आधीच द्यावी. एवढे ऐकून कोणी “नको बाई” म्हणाले तर आम्ही रागावत नाही. नाही म्हणून सांगणारे बरे, घेऊन सोडून देणारे नकोत.

त्या सोळांपैकी अकरांना घरे मिळाली. दोन पिले गेली हे सांगितलेच. उरलेली तीन माझ्या गॅलरीत आहेत, आणि घरचे मालक रोज विचारतात, “हा मुक्काम कधी हलणार?”

आता आपल्याही चाळीला नोटीस आली आहे. आपल्याकडे मी मोजली ती मांजरे चौदा. म्हणून माझी दोन मागणी आहेत. एक, ज्या घरी मांजर जेवते त्या घराने ते नेणार की नाही हे आजच सांगावे. ट्रक दाराशी लागल्यावर नव्हे. दुसरी, येत्या हळदीकुंकवाला वाणात प्लॅस्टिकचे डबे लुटण्याऐवजी तेच पैसे मांजरांच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवावेत. डबे आपल्या माळ्यावर पुष्कळ झाले आहेत.

वही मी बरोबर आणली आहे. चहापानाच्या वेळी दाराशी बसते. कृपा करून नावे सांगून जावे.