जेवणानंतरचा छोटा पेला

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

सर, मॅडम आणि 1994 च्या दहावीच्या दोस्तांनो,

सॉफ्टवेअरबद्दल बोल, असं मला सांगितलं होतं. ते तुमची मुलं घरी ऐकवतच असतील. मी मोहाबद्दल बोलते.

कंपनीच्या कामाने सायप्रसला गेले होते. भूमध्य समुद्रातलं बेट. रात्री जेवण आटोपल्यावर यजमानांनी इवल्याशा पेल्यात तपकिरी, गोड वाइन दिली. कोमांदारिया. द्राक्षं तोडून काही दिवस उन्हात पसरतात, ती सुकून गोडी दाटली की रस काढून आंबवतात, मग पिंपात मुरवत ठेवतात. मध्ययुगात तिथे धर्मयोद्ध्यांची जहागीर होती, तिच्यावरून हे नाव. मागोमाग झिवानिया आली. ती द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळतात, चांगलीच कडक. यजमान सगळं अभिमानाने सांगत होते, आणि मला आपल्याकडची अंगणं दिसत होती. पहाटे टोपल्या घेऊन निघालेल्या बाया, झाडाखालचा फिकट पिवळा सडा, आणि उन्हात मनुकांसारखी होत जाणारी मोहफुलं.

"तुमच्याकडे जेवणानंतर काय घेतात?" त्यांनी विचारलं.

"बडीशेप," मी म्हटलं. सगळे हसले.

मोहाचं नाव का घेतलं नाही? नववीत आपल्या वर्गातली एक मैत्रीण शाळेत यायची थांबली. तिला विचारूनच सांगते आहे. बाबांची मजुरी भट्टीवर जायची आणि फीचे पैसे घरात उरायचे नाहीत. आपण तिच्या रिकाम्या जागेवर दप्तरं ठेवत होतो. कुणी तिच्या घरी गेलं नाही. मीही नाही.

गडचिरोलीत 1993 ला दारूबंदी झाली. आपल्या जिल्ह्यातल्या बाया त्यासाठी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या, 2015 ला इथेही बंदी आली, 2021 ला उठली. त्याच वर्षी मोहफुलं गोळा करण्यावरचे, वाहून नेण्यावरचे निर्बंधही सरकारने काढले. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. आता मोहाच्या दारूचीही सुंदर बाटली निघावी असं म्हणणारे भेटतात. मला पटतं, आणि पटतही नाही. सायप्रसमध्येही दारूपायी घरं बुडत असतीलच. पाहुण्याला ते कोण सांगेल? पण फुलं वेचणाऱ्या बाईच्या हाती त्या बाटलीतले किती रुपये पडणार, हे मी आधी विचारीन.

मैत्रिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मोहाचा काय दोष? आम्ही तर लाडू करतो." फुलांतले केसर काढायचे, फुलं भाजायची, तीळ-गूळ घालून कुटायची. दारूचा थेंब नाही.

ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. येताना दोन डबे आणलेत. जेवणानंतर प्रत्येकाला एकच मिळेल, सर, तुम्हाला दोन.