जुन्या डिरेक्टऱ्या आणि आपल्या घराण्याचा शोध

(ग्रंथालय सप्ताहानिमित्त सीमाभागातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका प्रसिद्धी अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरील आपल्या गावांत असे घर विरळाच, की ज्याची एखादी शाखा सोलापूर, मुंबई किंवा हैदराबादकडे गेली नाही. कोणी दुष्काळामुळे गेले, कोणी गिरणीतील कामासाठी, कोणी अडतीच्या दुकानात मुनीम म्हणून. १९४७-४८ च्या धामधुमीत तर हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांतील अनेक कुटुंबे जीव मुठीत धरून परागंदा झाली. मागे राहिलेल्यांच्या हाती उरली ती केवळ नावे आणि ऐकीव गोष्टी. “आमचे चुलत आजोबा मुंबईस दुकान करीत होते,” एवढेच घरात ठाऊक असते. परंतु कोठे, कसले आणि केव्हापर्यंत, हे सांगणारे माणूस उरलेले नसते. अशा प्रसंगी उपयोगी पडणारे एक साधन म्हणजे जुन्या व्यापारी व रहिवासी डिरेक्टऱ्या. त्यांच्याकडे आज आपले लक्ष वेधावयाचे आहे.

डिरेक्टरी म्हणजे गावोगावचे अधिकारी, वकील, डॉक्टर, पेढ्या, दुकाने आणि प्रतिष्ठित रहिवासी यांची पत्त्यासह छापलेली वार्षिक यादी. कलकत्त्याच्या थॅकर कंपनीने १८६४ पासून बंगालची डिरेक्टरी काढली. १८८५ पासून तिला अखिल हिंदुस्थानचे रूप आले आणि १९६० पर्यंत ती निघत राहिली. मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाचीही डिरेक्टरी प्रसिद्ध होत असे. हैदराबाद संस्थानापुरते पाहावयाचे तर के. कृष्णस्वामी मुदिराज यांचा ‘पिक्टोरियल हैदराबाद’ हा १९२९ व १९३४ साली दोन खंडांत निघालेला ग्रंथही याच कामी येतो. त्यात संस्थानातील अनेक नामांकित व्यक्तींची छायाचित्रे व परिचय आहेत.

या ग्रंथांचे वाचन कसे करावे? पहिली गोष्ट अशी, की एकच खंड पाहून थांबू नये. लागोपाठच्या वर्षांचे खंड ओळीने पाहावेत. नाव प्रथम कोणत्या साली आले, पत्ता कधी बदलला आणि नाव शेवटी कधी दिसले, याचे टिपण करावे. दुकानाच्या नावापुढे एखाद्या वर्षी ‘आणि पुत्र’ असे शब्द आले, तर मुलगा हाताशी आला असे अनुमान काढता येते. मूळ नाव गळून नुसते पुत्रांचे राहिले, तर वडील निवर्तले असण्याचा संभव असतो. जाहिरातींची पानेही सोडू नयेत. मात्र हे ध्यानी असू द्यावे, की वर्षारंभी निघणाऱ्या खंडातील माहिती आदल्या वर्षी गोळा केलेली असते. माणूस गाव सोडून गेल्यावरही त्याचे नाव पुढच्या खंडात राहू शकते.

दुसरी गोष्ट नावांची. इंग्रजी डिरेक्टऱ्यांत आपली नावे कानाला ऐकू आली तशी लिहिलेली आढळतात. बिदरचे ‘बेदर’, कलबुर्ग्याचे ‘गुलबर्गा’ किंवा ‘कुलबर्गा’, सोलापूरचे ‘शोलापूर’. आडनावांची गतही तीच. म्हणून उच्चाराला जवळ असणारी सर्व रूपे शोधावीत.

तिसरी गोष्ट सरहद्दींची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानातून झालेल्या राज्याची वाटणी झाली, तेव्हा बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे आले. ते पुढे उस्मानाबाद आणि १९८२ नंतर लातूर जिल्ह्यात राहिले. नारायणखेड आंध्राकडे गेले. गुलबर्गा जिल्ह्यातील तांडूर व कोडंगल हेही तिकडेच गेले. म्हणून उदगीरकडील पूर्वजाचा १९५६ पूर्वीचा शोध बिदर जिल्ह्याखाली घ्यावा लागतो. कल्याणीचे नाव आज बसवकल्याण आहे आणि गुलबर्ग्याचे नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले आहे. संस्थानी कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळविले असता इसवी सन साधारणपणे मिळतो. फसली १३४० म्हणजे १९३०-३१.

आता या साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि ती मी स्वतः ठेच लागून शिकलो आहे. माझ्या आजोबांचे धाकटे बंधू घरच्या भांडणानंतर मुंबईस गेले आणि पुढे त्यांची पत्रे बंद झाली. एका जुन्या डिरेक्टरीत मला त्यांचे नाव व आडनाव कापड दुकानदार म्हणून दिसले. आनंदाच्या भरात मी वृद्ध आत्याबाईंना ते सांगितले आणि त्यांनी साऱ्या भावकीत. पुढे दुसऱ्या वर्षीचा खंड पाहिला, तेव्हा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर वेगळे निघाले. तो गृहस्थ आमचा नव्हताच! मग आत्याबाईंच्या पेटीतील एका जुन्या पाकिटावरील पत्ता घेऊन मी उलट वाटेने शोध केला. त्याच इमारतीत, एका छापखान्याच्या भागीदारांत, बरोबर आद्याक्षरासह आमचे नाव सापडले. आणि ते पुढची अनेक वर्षे तेथे होते. आत्याबाई एवढेच म्हणाल्या, “म्हणजे काका उपाशी नव्हते.” तात्पर्य, नाव, वडिलांचे आद्याक्षर, धंदा आणि पत्ता यांपैकी निदान तीन गोष्टी जुळल्याशिवाय कोणालाही आपला म्हणू नये.

शिवाय डिरेक्टरीत सर्व समाज नाही. शेतमजूर, गिरणीकामगार, बलुतेदार आणि बहुतेक स्त्रिया यांना तिच्यात स्थान नाही. त्यांचा माग शाळेच्या जनरल रजिस्टरात, गावच्या महसुली कागदांत, १९५१-५२ पासूनच्या मतदार याद्यांत आणि नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घ्यावा. जुने कागद मोडीत वा उर्दूत असतील, तर जाणत्यांची मदत घ्यावी. आणि डिरेक्टरीतील नोंद हा वारसाचा किंवा जातीचा पुरावा नव्हे, हेही स्पष्ट समजून असावे. ती केवळ वाट दाखविते.

डिरेक्टऱ्यांची चौकशी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात व हैदराबादेत अफझलगंजच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात करावी. काही जुने खंड आता संगणकावरही वाचावयास मिळतात.

शेवटी तीन विनंत्या. ग्रामस्थांनी घरातील वृद्धांकडून नावे व पत्ते आजच लिहून घ्यावेत. जुनी पाकिटे, पावत्या, लग्नपत्रिका चुलीत घालू नयेत. शिक्षकांनी मुलांकडून तीन पिढ्यांची वंशावळ करवून घ्यावी, आणि तीत आजी-पणजींची माहेरची नावेही यावीत. कार्यालयांतील माझ्या सहकाऱ्यांना सांगणे असे, की जुनी नोंदवही रद्दीत काढण्यापूर्वी ती एकवार उघडून पाहा. एखाद्या घरचा हरवलेला माणूस तिच्या एका ओळीत असू शकेल.