अंक किती वेळा येतो?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



गणितावर कोणी बोलायला उभे राहिले की मागच्या रांगेतील पालक दरवाजाकडे पाहू लागतात. तरी थोडा वेळ बसावे ही विनंती. शिष्यवृत्तीच्या तयारीत मुलांना हमखास भेटणारा एक प्रश्न मी घेऊन आलो आहे. 1 ते 100 संख्या लिहिताना 9 हा अंक किती वेळा लिहावा लागतो?

बहुतेक मुले सांगतात, 10 वेळा. 9, 19, 29 असे करीत 99 पर्यंत येतात आणि थांबतात. 90, 91, 92 यांच्या सुरुवातीचा 9 त्यांच्या नजरेतून सुटतो. जरा सावध मूल 19 सांगते. बरोबर उत्तर 20 आहे.

आता हे 19 कोठून आले? त्या मुलाने 9 असलेल्या संख्या मोजल्या, आणि तशा संख्या खरोखर 19 च आहेत. परंतु 99 मध्ये 9 दोनदा आहे. आपण घरी हिंदसा आणि अदद असे दोन वेगळे शब्द वापरतो. हिंदसा म्हणजे अंक, अदद म्हणजे संख्या. 99 हा अदद एक, त्यात हिंदसे दोन. म्हणजे त्या मुलाने बिनचूक मोजले, फक्त वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर दिले. अशा वेळी "गणित हिच्या डोक्यात बसत नाही" असे म्हणून मोकळे होणारे पालक मी पाहिले आहेत, आणि हे वाक्य मुलींच्या वाट्याला अधिक येते. त्याऐवजी एवढेच विचारावे, "बेटा, कसे मोजलेस?"

तयारीच्या पुस्तकांत याचा तयार तक्ता असतो: 0 अकरा वेळा, 1 एकवीस वेळा, बाकीचे अंक वीस-वीस वेळा. मुले तो पाठ करतात. तक्ता खरा आहे, पण तो शंभरावर संपतो.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्र विधानसभेचे 288 मतदारसंघ आहेत आणि त्यांना 1 ते 288 क्रमांक दिलेले आहेत. त्यांपैकी 21 ते 27 हे सात आपले: मलकापूर 21, बुलढाणा 22, चिखली 23, सिंदखेड राजा 24, मेहकर 25, खामगाव 26 आणि जळगाव जामोद 27. या सात क्रमांकांत 2 किती वेळा आला? सात म्हणाल तर बुलढाण्यावर अन्याय होईल! आठ वेळा.

आता समजा, एखाद्या पेंटरला 1 ते 288 क्रमांकाच्या पाट्या करायच्या आहेत आणि तो पत्र्याचे कापलेले अंक विकत घेणार आहे. एकंदर 756 अंक लागतील. त्याने प्रत्येक अंक सारखाच, म्हणजे 76-76 घेतला तर? घरे वेगवेगळी धरून 2 मोजू. एककाच्या घरात 2, 12, 22 असे 282 पर्यंत 29 वेळा. दशकाच्या घरात 20 ते 29, 120 ते 129 आणि 220 ते 229, म्हणजे 30 वेळा. शतकाच्या घरात 200 ते 288 पर्यंत 89 वेळा. बेरीज 148. याच रीतीने 1 हा 159 वेळा येतो, आणि बिचारा 9 फक्त 48 वेळा. पेंटरजवळ नऊचे 28 तुकडे पडून राहतील आणि एकाचे 83 कमी पडतील.

असे का व्हावे? 00 ते 99 अशी दोन-दोन अंकी मांडणी केली तर 200 अंक होतात आणि दहाही अंकांना सारखे वीस-वीस मिळतात. आपण पुढचे शून्य लिहीत नाही, म्हणून शून्य मागे पडते. आणि मोजणी 288 सारख्या मधल्याच ठिकाणी थांबली की शतकाच्या घरात 1 व 2 यांनाच जागा मिळते, 9 ची पाळी येतच नाही. एवढे ज्याला कळले त्याला तक्ता पाठ करण्याची गरज उरत नाही.

अंकांशी असे खेळणे हा रिकामटेकडा उद्योग आहे, असे काहींना वाटेल. नाशिकजवळ देवळालीला द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होते (1905-1986). गणितात त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतलेले नव्हते. शाळा सांभाळून ते आयुष्यभर अंकांशी खेळले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच करा. फार तर सात वेळांत 6174 येते. 1949 मध्ये त्यांना हे सापडले. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे ते जगभर माहीत झाले.

विद्यार्थी मित्रांनो, संस्थेची स्मरणिका हाती आली की शेवटच्या पानाचा क्रमांक पाहा, आणि पहिल्या पानापासून तेथपर्यंत 1 हा अंक किती वेळा छापावा लागला ते काढा. उत्तर आपल्या गणिताच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. बोटांवर मोजले तरी चालेल, मात्र एककाचे, दशकाचे आणि शतकाचे घर वेगवेगळे मोजा.