न बोलणाऱ्या मुलासाठी बोलके साधन
(मंडळाच्या गणेशोत्सवात एका पालकाने केलेल्या भाषणाचा गोषवारा)



आमच्या मुलाला आपण सगळे ओळखता. तो साडेचार वर्षांचा आहे. त्याला ऐकू येते, बोललेले समजते, पण तोंडाने शब्द येत नाहीत. गेल्या वर्षी त्याच्या गळ्यात टॅबलेट दिसू लागला, तेव्हा अनेकांनी आपुलकीने विचारले, "एवढ्या लहान वयात हे कशाला?" त्याचे उत्तर आज देतो. कुणाच्या नात्यात किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या घरी असे मूल असेल, तर त्यांना उपयोग होईल.

पहिली शंका अशी की, यंत्र हाती आले तर मूल बोलायचा कंटाळा करील. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या अभ्यासकांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात ज्या २७ जणांची माहिती खात्रीची होती, त्यांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नाही. ८९ टक्के जणांचे बोलणे वाढले, ते बेताचेच. म्हणजे यंत्राने वाचा फुटते असे नव्हे, पण यंत्र वाचेच्या आड येत नाही. "आमच्या घराण्यात सगळे उशिराच बोलतात" म्हणून थांबण्यात मात्र तोटा आहे. मागता येत नाही, नाकारता येत नाही, मग मूल चावते, डोके आपटते, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

साधन म्हणजे यंत्रच असे नाही. खुणा, चित्रांची कार्डे, चित्रांचा तक्ता, हीही साधनेच. चित्र देऊन वस्तू मागण्याची कार्डांची पद्धत अमेरिकेत बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ साली सुरू केली. टॅबलेटवरच्या अ‍ॅपमध्ये चित्र दाबले की आवाज येतो. आपल्याकडे चेन्नईच्या अजित नारायणन यांनी 'आवाज' हे यंत्र तयार केले, पुढे त्याचे अ‍ॅप झाले. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागात 'जेलो' तयार झाले. ते मोफत आहे आणि मराठी व हिंदी दोन्हींत बोलते.

निवडायचे कसे? आधी कानांची तपासणी आणि वाचा-उपचारकाचा सल्ला. मग मुलाचे बोट नीट पाहावे. बोट नेमके टेकत असेल तर एका पानावर बरीच चित्रे चालतात, हात थरथरत असेल तर थोडी आणि मोठी हवीत. विकत घेण्याआधी काही आठवडे वापरून पाहावे. आणि एकदा 'पाणी' जिथे ठेवले, तिथून हलवू नये. आपली बोटे कीबोर्डवर न पाहता चालतात, तशीच मुलाची बोटेही जागा लक्षात ठेवतात.

शब्द कोणते भरायचे? आपण उत्साहाने फळे, प्राणी, रंग भरतो. पण दिवसभर लागतात ते 'नको', 'अजून', 'थांब', 'संपलं', 'मदत', 'दुखतंय'. गेल्या हिवाळ्यात एका रात्री आमचा मुलगा रडत उठला. त्याने आधी 'दुखतंय' दाबले, मग 'कान'. सकाळी डॉक्टरांनी पाहिले, कानाला सूज होती. त्याआधीच्या दुखण्यांत आम्ही पोटापासून पायापर्यंत सगळे चाचपून पाहत होतो.

आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांना भाषेचा प्रश्न मोठा. घरात मराठी, शाळेत आणि गल्लीत हिंदी. एकच भाषा ठेवा, असा सल्ला आम्हालाही मिळाला. पण पुण्याहून आजीचा फोन आला की नातवाने 'दादी' म्हणावे, हे कुणाला बरे वाटेल? आणि भाजीवाल्याला 'बटाटा' कसा कळणार? आम्ही दोन्ही ठेवल्या. चित्रांची जागा तीच, भाषा तेवढी बदलते. बोलणारी मुले दोन भाषा पेलतात, तशी हीही पेलतात.

व्यवहाराच्या गोष्टीही सांगतो. त्या टॅबलेटवर कार्टून आणि खेळ ठेवू नयेत, नाहीतर ते बोलायचे साधन राहत नाही. लाइट जाते, उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून तीच चित्रे छापून, लॅमिनेट करून दप्तरात ठेवावीत. आणि मुलाचा हात धरून कुणी त्याच्या वतीने टाइप करून घेत असेल तर सावध राहावे. अशा पद्धती वापरू नयेत, असे अमेरिकेतील वाचा-उपचारकांच्या संघटनेने २०१८ साली जाहीर केले आहे. कारण त्यात शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असू शकतात.

लखनौत मोहान रोडवर डॉ. शकुंतला मिश्रा पुनर्वास विद्यापीठ आणि केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे सीआरसी आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक वा बहुविकलांगता असलेल्यांसाठी 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची विमा योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा पर्यायी साधनांनाही संवादाच्या व्याख्येत घेतले आहे. तेव्हा शाळेत टॅबलेट नेऊ देणे ही कुणाची मेहरबानी नव्हे.

पुढे काय, ही काळजी प्रत्येक आईबापाला असते. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली, ती मुलगी मालिनी चिब हिच्यामुळे. मालिनीताईंचे बोलणे अनोळखी माणसाला कळणे कठीण. त्यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि एका करंगळीने टाइप करून आत्मचरित्र लिहिले. प्रत्येक मूल तिथवर जाईल असे मी म्हणत नाही. पण न बोलणाऱ्याकडे सांगण्यासारखे काही नसते, हा समज त्यांनी खोटा ठरवला.

शेवटी आपल्याकडे तीन मागणी आहेत. त्याच्याविषयी आम्हाला विचारू नका, त्यालाच विचारा. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा, कारण चित्र शोधायला वेळ लागतो. आणि "हे काय, सांग बघू" अशी परीक्षा घेऊ नका, उलट तुम्हीही दोन चित्रे दाबून त्याच्याशी बोला. भाषा ऐकून येते, तशी ही भाषा पाहून येते.

आरतीसाठी या वर्षी एक नवे चित्र भरले आहे. आपण 'गणपती बाप्पा' म्हटलेत की क्षणभर थांबा. त्याचा 'मोरया' जरा उशिरा येईल, पण येईल.