आतड्यांतील सोबती
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



पंगतीपूर्वी आतड्यांविषयी बोलणे हे धाडसच. मी मॅट्रिक झालेला मास्तर, वैद्य नव्हे. परंतु स्वतःच्या एका चुकीमुळे हा विषय वाचणे भाग पडले.

गेल्या पावसाळ्यात नातवाला सर्दीताप आला. सर्दी विषाणूंमुळे होते व प्रतिजैविके विषाणूंवर निरुपयोगी असतात, हे न जाणता मी डॉक्टरांस न विचारता दुकानातून तसल्या गोळ्या आणून दिल्या. सर्दी आपल्या वेळेनेच गेली; मात्र जुलाब लागले आणि मुलास सलाइन लावावे लागले. सूनबाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत. ते मौनच अधिक बोचले.

मोठ्या आतड्यात जंतूंची केवढी वस्ती असते! २०१६ सालच्या एका गणनेप्रमाणे प्रौढ माणसाच्या देहात सुमारे ३८ लक्ष कोटी जंतू असतात. म्हणजे जवळजवळ आपल्या पेशींइतके. वजन मात्र जेमतेम २०० ग्रॅम. ज्वारीचा कोंडा, डाळींची साले आपणांस पचत नाहीत. हे जंतू ती आंबवतात व त्यातून निघणाऱ्या आम्लांवर आतड्याचे अस्तर पोसते. ‘के’ जीवनसत्त्वही ते तयार करतात आणि उपद्रवी जंतूंस पाय रोवू देत नाहीत. प्रतिजैविकास शत्रुमित्र कळत नाही. वस्ती उजाड झाली की कधी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू माजतो. असे हट्टी रोगी निरोगी माणसाच्या विष्ठेतील जंतू आतड्यात सोडल्याने बरे होतात, हे २०१३ साली नेदरलंडमधील प्रयोगाने दाखविले. किळस वाटेल, पण खरे आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे व सहकाऱ्यांनी एकाच छपराखाली नांदणाऱ्या तीन पिढ्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. चूल एक, तरी वयाप्रमाणे जंतूंचे प्रमाण निराळे! माणसे मोजकीच होती, म्हणून त्यावरून फार अनुमान काढू नये.

ताकाचे काय, असे भगिनी विचारतील. नोबेल पारितोषिक मिळविणारे मेचनिकॉफ आंबट दुधाने आयुष्य वाढते असे मानीत. ते सिद्ध झालेले नाही. ओडिशात मात्र साडेचार हजारांवर नवजात बालकांच्या चाचणीत निवडक जंतू व त्याचे खाद्य दिल्याने रक्तदोष व मृत्यू मिळून ४० टक्के घटले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तो निवडक जंतू होता, घरचे ताक नव्हे. ताक प्यावे, पण औषध म्हणून नव्हे.

आपल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या औषधपेटीत कोणी आणून ठेवलेल्या अशा गोळ्या आहेत काय, हे चिटणीसांनी आज संध्याकाळीच पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.