संग्रहालय : तरुण पिढीची दुसरी पाठशाळा



मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भगवान बाहुबलींची एक ब्राँझची मूर्ती आहे. ती श्रवणबेळगोळची असून अभ्यासक तिचा काळ साधारणतः इसवी सनाचे नववे शतक मानतात. म्हणजे चामुंडरायाने ९८१ च्या सुमारास घडविलेल्या गोमटेश्वराहूनही ती प्राचीन ठरते. सहलीला आलेली शाळकरी मुले या मूर्तीसमोर किती वेळ थांबतात? बहुधा शिक्षक फलक वाचून दाखवीपर्यंत. वहीत शतक उतरते आणि रांग पुढे सरकते.

त्याच विद्यार्थ्याच्या हाती शाडूचा गोळा देऊन, दोन्ही हात शरीरापासून किंचित सुटे असलेली एक साधी मनुष्याकृती उभी करण्यास सांगितले, तर सारे चित्र पालटते. (पूज्य प्रतिमाच घडवावी असे नव्हे, ती खेळाचा विषय होऊ नये, हा ज्येष्ठांचा संकोच रास्तच आहे.) ओल्या मातीचे हात गळून पडतात, पाय वाकतात. मग पूर्वीच्या मूर्तिकाराने काय केले असेल, हा प्रश्न त्या मुलाला स्वतःहून पडतो. गोमटेश्वराच्या पाषाणमूर्तीला मांड्यांपर्यंत वारुळांचा आधार का आहे, हे त्याला मग सांगावे लागत नाही. धातूमध्ये हात सुटे कसे राहू शकले, हे मात्र सांगावे लागते : आधी मेणाची आकृती, तिच्यावर मातीचे लेपन, तापवून मेण काढून टाकणे आणि त्या पोकळीत धातूचा रस. साचा फोडूनच मूर्ती बाहेर येते, म्हणून तिच्यासारखी दुसरी नसते.

याच संग्रहालयाने २०१५ पासून बसमधून प्रदर्शन शाळांच्या दारी नेले आणि २०१९ मध्ये आपल्या आवारात मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय तर एका व्यक्तीच्या छंदातून उभे राहिले. तेथील अडकित्ते, दिवे, दौती पाहून आलेले मूल घरी आजीच्या पेटीत डोकावू लागते. हे शिक्षण कोणत्याही क्रमिक पुस्तकात बसणारे नाही.

आता आपल्या मंदिरांकडे वळू या. अनेक दिगंबर मंदिरांतील प्रतिमांच्या पादपीठावर 'संवत् १५४८, वैशाख शुद्ध ३' अशी तिथी कोरलेली आढळते. मुंडासा येथील जीवराज पापडीवाल यांनी भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते प्रतिष्ठा करवून या प्रतिमा देशभर पाठविल्या. विक्रम संवतातून ५७ वजा केले की इसवी सन १४९१ येते. दर्शनाला नित्य जाणाऱ्या किती तरुणांनी ही अक्षरे वाचली आहेत? धातूच्या लहान प्रतिमांच्या पाठीवर तर दात्याचे कुटुंब, त्याचा गण-गच्छ, आचार्यांचे नाव असा सारा वृत्तान्त असतो. स्थानिक समाजाच्या इतिहासाचे इतके अस्सल साधन दुसरे क्वचितच सापडेल. परंतु नित्य अभिषेकाने, पुसण्याने आणि उत्सवापूर्वीच्या घासण्याने ही अक्षरे झिजत चालली आहेत. जीर्णोद्धारात कोरीव लाकडी खांब अडगळीत जातात, ते वेगळेच. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. भक्तीच्या भरातच हे घडते, आणि म्हणूनच त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

झिजलेला लेख वाचण्याची एक युक्ती पुराभिलेखाचे अभ्यासक वापरतात. खोलीत अंधार करावा आणि विजेरी समोरून न धरता अगदी बाजूने, तिरकी धरावी. उथळ अक्षरांत सावली भरते आणि दिसेनासा झालेला आकडा उमटतो. त्याच वेळी छायाचित्र घ्यावे, मोजपट्टी शेजारी ठेवावी, आणि दिसेल तेवढेच वहीत उतरवावे. न दिसलेले अक्षर अंदाजाने भरू नये. प्रतिमेला ना शाई लागते, ना ओला कागद. पाठशाळेतील बारा-तेरा वर्षांची मुले हे काम करू शकतात. मात्र हात कसा आवरावा, वस्तू कशी हाताळावी, नोंद कशी ठेवावी, याचे धडे त्यांनी आधी संग्रहालयात, प्रतिकृतींवर गिरविलेले असावेत. मंदिरातील काम पुजारी आणि विश्वस्त यांच्या अनुमतीने, शुद्धीचे नियम पाळून, सकाळचा अभिषेक आटोपल्यावर करावे. प्रारंभ सर्वांत जास्त झिजलेल्या प्रतिमेपासून करावा.