कामगाराचा गुडघा



अस्थिरोगावरील संशोधनाविषयी बोला, असे चालकांनी सुचवले तेव्हा मी आधी कचरलो. मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण यंत्राजवळ आणि रात्रीच्या वाचनात झाले. परंतु पिंपरीपासून चाकणपर्यंत कामगारांत वावरताना दुखरे गुडघे आणि वाकलेल्या पाठी पुष्कळ पाहिल्या. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

पुण्याचे डॉ. कांतीलाल संचेती यांचे नाव आपणांस ठाऊक आहे. 1965 मध्ये त्यांनी रुग्णालय उभारले, 2012 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. सन्मानांची यादी वाचण्यात मला रस नाही. मला त्यांच्या एका कामाविषयी सांगायचे आहे. कृत्रिम गुडघा म्हणजे मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी, नडगीच्या हाडावर बैठक आणि दोहोंमध्ये प्लॅस्टिकची चकती. हा सांधा पश्चिमेत घडला तो खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा 60 ते 70 अंश वाकला तरी भागते, जिन्याला 90 च्या आसपास लागतात. उकिडवे बसायचे तर 130 च्याही पुढे जावे लागते. आपला माणूस पंगतीला मांडी घालतो, शेतात उकिडवा बसतो, देवळात गुडघे टेकतो. हे ध्यानात घेऊन डॉ. संचेतींनी ‘इंडस’ नावाचा गुडघा आखला. तो अधिक वाकणारा, या देशात तयार होणारा आणि परदेशी सांध्याहून स्वस्त.

या संशोधनात मला सर्वांत मोठा वाटतो तो त्यामागचा प्रश्न. हा माणूस दिवसभर आपल्या गुडघ्याकडून काय काम करून घेतो? खेळाडूंच्या वैद्यकाचा पायाही हाच आहे. भोसरीच्या एखाद्या कबड्डीपटूच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला, तर शस्त्रक्रियेनंतर जाणते डॉक्टर त्याला साधारण नऊ महिने मैदानात उतरू देत नाहीत. मांडीचे बळ मोजतात, भार हळूहळू वाढवतात. कामगाराला मात्र एक गोळी आणि उद्याची पाळी! तो कंत्राटी असला तर दुखते म्हणायचीही चोरी.

खेळाडू वेगळा, कामगार वेगळा, असे कोणी म्हणेल. मुरलीकांत पेटकर आठवा. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून पोहू लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटरचे सुवर्णपदक घेऊन आले. हेच पेटकर टेल्कोचे नोकरदार होते. जवान, खेळाडू, कामगार, तिघांचे शरीर एकच.

आता कायदा पाहा. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के घटली असे धरले होते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही साचा तोच आहे. तुटलेले बोट मोजता येते. वीस वर्षांत झिजलेल्या गुडघ्याला मात्र त्या यादीत ओळ नाही. ‘वयामुळे झाले’ म्हटले की संपले. ब्रिटनने भूमिगत खाणकामगारांच्या गुडघ्याची झीज 2009 मध्ये व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केली आणि पुढच्या वर्षी गालिचे व फरशी बसवणाऱ्यांचीही. तिथेही हे आपोआप झाले नाही. ओझे उचलणे आणि गुडघ्यावर बसणे यांनी सांधा झिजतो, याचा पुरावा संशोधकांनी आधी गोळा केला होता.

एका कारखान्यात आम्ही मागण्यांच्या यादीत एक बारीकशी मागणी घातली : सुट्या भागांची पेटी जमिनीवर न ठेवता कमरेच्या उंचीच्या लोखंडी घोडीवर ठेवा. व्यवस्थापक हसले. पगारवाढीच्या बोलण्यात घोडी कुठून आली, म्हणाले. आमच्यातल्याही काहींना ते हास्यास्पद वाटले, हे सांगितले पाहिजे. मी अमेरिकेतल्या संशोधन संस्थेचे 1991 चे सूत्र पुढे ठेवले. सर्व परिस्थिती अनुकूल असली तरी हाताने उचलायच्या वजनाला ते 23 किलोंची मर्यादा घालते, आणि वजन जमिनीवरून उचलायचे असेल तर ती आणखी खाली येते. आमची पेटी त्याहून जड होती. त्यांनी तराजू मागवला.

घोडी आली. शेजारच्या विभागात पेटी अजून जमिनीवरच आहे. तिच्यासाठी बोलणी चालू आहेत.